कृष्णविवर आणि अणुकेंद्र : मूलभूत बलांच्या मराठी मांडणीची चिकित्सा

प्रास्ताविक

दिनांक १८ मे १९७४ रोजी राजस्थानातील पोखरण येथे भारताने पहिली भूमिगत अणुचाचणी केली आणि ‘अणुस्फोट’, ‘अणुशक्ती’ हे शब्द वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून मराठी घराघरांत पोहोचले. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव खरे नव्हते. जयंत विष्णु नारळीकर यांनी स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून ते तयार केले होते आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत मंगला नारळीकर यांच्या हातून लिहवून घेतली होती. अणुकेंद्र आणि कृष्णविवर या दोन वस्तू अशा रीतीने एकाच वर्षी, एक बातमीच्या आणि दुसरी ललित कथेच्या वाटेने, मराठी वाचकाच्या परिचयाच्या झाल्या. हा निव्वळ योगायोग होय. परंतु या दोन शब्दांभोवती पुढे जी समजूत घट्ट झाली तिची चिकित्सा करण्यास तो सोयीचा आहे.

ही समजूत थोडक्यात अशी. निसर्गात चार मूलभूत बले आहेत : प्रबल, विद्युतचुंबकीय, क्षीण आणि गुरुत्व. अणुकेंद्र हे प्रबल बलाचे घर, तर कृष्णविवर हे गुरुत्वाचे. अणुस्फोटात प्रबल बल मोकळे होते आणि कृष्णविवरात गुरुत्व इतर तिन्ही बलांवर मात करते. विज्ञानविषयक मराठी लेखांत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांत आणि महाविद्यालयीन टिपणांत ही मांडणी इतकी सार्वत्रिक आहे की तिचा कोणी एक लेखक दाखवता येणार नाही. यातील प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे. पण ज्या बलाचे नाव वस्तूला चिकटवले जाते ते बल तेथे एकटे कधीच काम करीत नाही आणि पुष्कळदा निर्णायक काम दुसरेच बल करते, ही गोष्ट या मांडणीत झाकली जाते. प्रस्तुत निबंधात या झाकल्या गेलेल्या भागाचा विचार केला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या वापराचा आग्रह धरल्यापासून पदवीस्तरावरील भौतिकशास्त्र मराठीतून लिहिले जाण्याची गरज वाढली आहे. अशा वेळी चुकीची मांडणी पाठ्यपुस्तकात स्थिर होण्यापूर्वीच तपासलेली बरी.

संज्ञांचे ओझे

नागपूरच्या अध्यापकाला या प्रश्नाची एक बाजू पुण्या-मुंबईच्या अध्यापकापेक्षा लवकर जाणवते. मराठीत ‘अणू’ म्हणजे ज्याला केंद्र आणि इलेक्ट्रॉन आहेत तो मूलद्रव्याचा कण आणि अनेक अणूंचा मिळून होतो तो ‘रेणू’. हिंदीत पहिल्यास ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ हा शब्द दुसऱ्यासाठी वापरतात. एकाच वर्गात मराठी व हिंदी माध्यमांतून आलेले विद्यार्थी शेजारी बसतात तेव्हा ‘अणुकेंद्र’ हा शब्द त्यांतील निम्म्यांना अर्थशून्य वाटू शकतो. कारण त्यांच्या लेखी अणूला एक केंद्र नसते. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या या जुन्या राजधानीत हा गोंधळ नवा नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास लाहोरहून येथे आलेले डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून शास्त्रीय परिभाषा घडवण्याचा आपला प्रचंड उपक्रम याच शहरात काही वर्षे चालवला. संज्ञा एकसंध घडवली की विचारही एकसंध होईल, ही त्या उपक्रमामागील श्रद्धा होती. प्रत्यक्षात संज्ञा व्यवहारात उतरल्यावर प्रत्येक भाषेने तिला आपल्या सवयीने वाकवले.

‘केंद्रक’ या शब्दाचेही तसेच. शालेय पुस्तकांत तो पेशीसाठीही येतो आणि अणूसाठीही. म्हणून ‘अणुकेंद्र’ हा लांबट शब्द येथे पत्करला आहे. ‘अणुशक्ती’त अधिक मोठी अडचण आहे. भौतिकशास्त्रात बल, शक्ती आणि ऊर्जा या तीन वेगळ्या राशी आहेत. बोलभाषेत तिन्हींचे काम ‘शक्ती’ करते. त्यामुळे ‘अणुशक्ती’ म्हणजे अणूतील ‘बल’ असे वाचले जाते आणि चाचणीत मोकळी झालेली गोष्ट ऊर्जा होती हे मागे पडते.

‘कृष्णविवर’ हा शब्द मात्र काव्यदृष्ट्या इतका यशस्वी आहे की त्यावर टीका करणे कोणास रुचणार नाही. इंग्रजी संज्ञा जॉन व्हीलर यांनी १९६७ नंतर रूढ केली आणि मराठी शब्द तिचेच भाषांतर आहे. तरी ‘विवर’ या शब्दाला पाताळाची, सर्पाच्या बिळाची जी जुनी छाया आहे ती मूळ इंग्रजी शब्दास नाही. त्यातून जे चित्र उभे राहते ते गिळणाऱ्या तोंडाचे. त्यात ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दातील ‘आकर्षण’ची भर पडते आणि वाचकाच्या मनात ओढणारे, शोषणारे असे काहीतरी तयार होते. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेच्या सिद्धांतात ओढणे नाहीच. वस्तुमान आणि ऊर्जा यांमुळे अवकाश-काल वक्र होतो आणि पदार्थ त्या वक्रतेतील सर्वांत सरळ मार्गाने जातो. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. हे वाक्य वर्गात सांगितले की विद्यार्थी अविश्वासाने पाहतात. त्यांचा अविश्वास भौतिकीतून आलेला नसतो, शब्दातून आलेला असतो.

‘दुर्बल’ बलाचा हिशेब

चार बलांची सारणी बहुतेक पुस्तकांत दिलेली असते. प्रबल बल १ मानले तर विद्युतचुंबकीय बल सुमारे शंभरपट कमी, क्षीण बल त्याहून पुष्कळ कमी, आणि गुरुत्व एकावर ३८ शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येने भागावे इतके कमी. दोन प्रोटॉनांमधील विद्युत-प्रतिकर्षण त्यांच्यातील गुरुत्वापेक्षा सुमारे एकावर ३६ शून्ये इतक्या पटीने मोठे आहे, हे गणित प्रथम वर्षाचा विद्यार्थीही करू शकतो. पुढच्याच प्रकरणात मात्र सांगितले जाते की कृष्णविवरात गुरुत्व सर्वांवर मात करते. सर्वांत दुर्बल बल सर्वांत प्रबळ कसे ठरले, याचे उत्तर सारणीत नसते.

उत्तर असे की सारणी दोन कणांची आहे आणि तारा दोन कणांचा नाही. प्रबल बलाचा अणुकेंद्राच्या अंतरावरील अवतार हा शेजाऱ्यापुरता असतो. एक-दोन फेम्टोमीटरच्या पलीकडे तो झपाट्याने नाहीसा होतो, म्हणजे प्रत्येक न्यूक्लिऑन फक्त स्वतःला लागून असलेल्यांशीच बांधलेला असतो. म्हणूनच दर न्यूक्लिऑनमागील बंधन-ऊर्जा लोह-निकेलच्या आसपास ८.८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट या कमाल मूल्यास पोहोचते आणि युरेनियमपर्यंत जाता जाता ७.६ पर्यंत उतरते. कण वाढले म्हणून ती वाढत नाही. विद्युत बलाची धाव मोठी आहे, परंतु धन आणि ऋण भार एकमेकांस निष्प्रभ करतात. गुरुत्वास मात्र ऋण बाजू नाही आणि आडोसाही नाही. प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणावर परिणाम करतो आणि त्यांची बेरीजच होत जाते. कणसंख्या वाढेल तशी दर कणामागील गुरुत्वीय ऊर्जा वाढत जाते, अणुकेंद्रीय ऊर्जा तेथेच थांबते. केव्हातरी पहिली दुसरीस ओलांडणारच.

केव्हा, हेही काढता येते, आणि येथे हा हिशेब फार सुंदर होतो. प्रोटॉनच्या संदर्भातील गुरुत्वाचे मोजमाप घेऊन त्याचा व्यस्त काढला तर सुमारे १.७ वर ३८ शून्ये अशी संख्या मिळते. तिचे वर्गमूळ काढून ते त्याच संख्येने गुणले, म्हणजे दीड घात केला, की दोनावर ५७ शून्ये एवढी संख्या येते. सूर्यातील न्यूक्लिऑनांची संख्या एकावर ५७ शून्ये याच्या थोडी पुढे आहे. ज्या आकड्यामुळे सारणीत गुरुत्व शेवटच्या ओळीत जाते त्याच आकड्यातून ताऱ्याचे आकारमान ठरते. गुरुत्व इतके क्षीण नसते तर तारे इतके मोठे झाले नसते आणि कोट्यवधी वर्षे जळलेही नसते. पाठ्यपुस्तकातील ‘दुर्बल’ हे विशेषण खोटे नाही. त्याला जोडून हा हिशेब दिला जात नाही, हे उणे आहे.

स्फोटात कोणते बल काम करते

आता १९७४ च्या दुसऱ्या शब्दाकडे वळावे. ‘अणुशक्ती म्हणजे अणुकेंद्रास बांधून ठेवणारे प्रचंड बल मोकळे होणे’ अशा आशयाची व्याख्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवते. विखंडनाच्या बाबतीत ती जवळजवळ उलटी आहे. युरेनियमचे अणुकेंद्र द्रवाच्या थेंबासारखे कल्पून केलेला साधा हिशेब पाहता येतो. ९२ प्रोटॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे न्यूट्रॉन शोषलेल्या या केंद्रकात सुमारे ९७० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी विद्युत ऊर्जा साठलेली असते. त्याचे दोन समान भाग झाले तर दोन्ही भागांतील मिळून ही ऊर्जा सुमारे ६१० पर्यंत उतरते. म्हणजे ३६० इतकी विद्युत ऊर्जा सुटते. दुसरीकडे पृष्ठभाग वाढतो, अधिक न्यूक्लिऑन काठावर येऊन त्यांचे शेजारी कमी होतात आणि प्रबल बलाच्या खात्यावर सुमारे १८० चा खर्च पडतो. उरलेले १८० च्या आसपास मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट बाहेर येतात. प्रत्यक्षातील आकडा, नंतरच्या किरणोत्सर्गासह, २०० च्या जवळपास आहे. हे गणित ढोबळ आहे, पण त्याची दिशा निर्विवाद आहे.

म्हणजे पोखरणच्या वाळूखाली जे मोकळे झाले ते मुख्यतः कूलोम यांचे विद्युत-प्रतिकर्षण होय. कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात त्याच जातीचे बल. प्रबल बल येथे रखवालदाराच्या भूमिकेत आहे : ते दार धरून उभे असते आणि न्यूट्रॉनच्या धक्क्याने थेंब लांबला की त्याचा हात सुटतो. सूर्यात चालणाऱ्या संमीलनात ऊर्जा खरोखरच प्रबल बलाच्या खात्यातून येते. परंतु तेथेही पहिली पायरी, दोन प्रोटॉनांतून ड्यूटेरॉन होण्याची, क्षीण बलाच्या मर्जीवर अवलंबून असते. ती पायरी अतिशय संथ असल्यामुळेच सूर्य एका झटक्यात संपला नाही. ‘क्षीण’ हे नाव येथे पुन्हा फसवे ठरते.

दाबाचेही वजन असते

कृष्णविवराविषयीची मुख्य गफलत याहून सूक्ष्म आहे आणि तिच्यावर अधिक थांबणे आवश्यक आहे. रूढ मांडणीत ताऱ्याचा शेवट कुस्तीसारखा सांगितला जातो. एका बाजूला आत दाबणारे गुरुत्व, दुसऱ्या बाजूला बाहेर रेटणारा दाब; इंधन संपते, गुरुत्व जिंकते. या कथेत दोन्ही पैलवान एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. वस्तुतः ते तसे नाहीत.

प्रथम, ताऱ्याचे वजन आले कोठून? प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. त्यातील तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमाने मिळवली तर ती जेमतेम ९ होतात. उरलेले सुमारे नव्व्याण्णव टक्के वस्तुमान हे ग्लुऑनांची आणि कोंडलेल्या क्वार्कांच्या गतीची ऊर्जा, म्हणजे प्रबल बलाची ऊर्जा होय. तारा कोसळतो तेव्हा ज्याला आपण गुरुत्व म्हणतो त्याचे भांडवल प्रबल बलानेच पुरवलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक निर्णायक. व्यापक सापेक्षतेत केवळ वस्तुमान नव्हे, दाबसुद्धा गुरुत्व निर्माण करतो. रिचर्ड टोलमन, रॉबर्ट ओपेनहायमर आणि जॉर्ज व्होल्कॉफ यांच्या नावाने ओळखले जाणारे १९३९ चे समीकरण हेच सांगते : न्यूटनच्या सूत्रात जेथे घनता असते तेथे घनता अधिक दाब असे येते, जेथे आतील वस्तुमान असते तेथेही दाबाची भर पडते आणि छेदातील पद वक्रतेमुळे लहान होत जाते. सूर्यासारख्या ताऱ्यात या दुरुस्त्या नगण्य आहेत. न्यूट्रॉन ताऱ्यात त्या जीवघेण्या ठरतात. ताऱ्यास सावरण्यासाठी दाब वाढवावा, तर त्या दाबाने गुरुत्व वाढते. ते पेलण्यास आणखी दाब हवा. हान्स बुखडाल यांनी १९५९ मध्ये दाखवले की स्थिर गोलाची त्रिज्या श्वार्त्सशिल्ड त्रिज्येच्या नऊ-अष्टमांशाहून कमी होऊ लागली तर केंद्रातील आवश्यक दाब अनंत होतो. पदार्थ कोणता, त्यातील बल कोणते, किती प्रबल, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. गुरुत्व येथे प्रतिस्पर्ध्यास हरवते असे म्हणण्यापेक्षा प्रतिस्पर्धी स्वतःच त्याच्या बाजूने वजन टाकतो असे म्हणणे यथार्थ ठरेल.

तथापि प्रबल बलाचा वाटा शून्य नाही आणि तो चक्क आकड्यात सांगता येतो. ओपेनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी आपल्या निबंधात न्यूट्रॉनांमधील अणुकेंद्रीय बल विचारात घेतले नव्हते. केवळ पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वातून येणारा दाब धरला होता. हा दाब कोणत्याही मूलभूत बलाचा नाही, दोन न्यूट्रॉन एका अवस्थेत राहू शकत नाहीत या नियमाचा आहे, हेही सारणीत बसत नसल्याने मराठी लेखांत सहसा गाळले जाते. त्यांची मर्यादा आली सूर्याच्या ०.७ पट. आज प्रत्यक्ष मोजलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी एकाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.०८ पट आहे. ०.७ आणि २ यांच्यामधील अंतर हे अगदी जवळ आलेल्या न्यूक्लिऑनांमधील प्रतिकर्षणाने मिळवून दिलेले अंतर आहे. अणुकेंद्रात जे बल बांधते तेच अर्ध्या फेम्टोमीटरच्या आत ढकलते. हा दुहेरी स्वभाव नसता तर कृष्णविवरे कितीतरी हलक्या ताऱ्यांपासून झाली असती. हे प्रतिकर्षण किती ताणता येईल यालाही सीमा आहे. ध्वनीचा वेग प्रकाशापेक्षा अधिक होऊ शकत नाही एवढ्याच मुख्य आधारावर क्लिफर्ड ऱ्होड्स आणि रेमो रुफिनी यांनी न्यूट्रॉन ताऱ्याची कमाल मर्यादा सूर्याच्या ३.२ पट काढली. तो निबंधही १९७४ चाच.

या कोसळण्यात क्षीण बलाची हजेरी क्षणभराची पण अपरिहार्य असते. इलेक्ट्रॉन प्रोटॉनात शिरून न्यूट्रॉन होण्याची क्रिया तेच घडवते आणि सुटलेले न्यूट्रिनो जवळजवळ सगळी ऊर्जा घेऊन जातात. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेतील अधिनवताऱ्याचे जे दोन डझन न्यूट्रिनो पृथ्वीवर नोंदले गेले ते या क्रियेचे प्रत्यक्ष साक्षीदार होत.

उपमेची मर्यादा

अणुकेंद्र आणि कृष्णविवर यांच्यात साम्य आहे, इतकेच नव्हे तर अणुकेंद्र किंवा प्रोटॉन हे एक लघु कृष्णविवरच आहे, अशी कल्पना अधूनमधून नव्या सिद्धांताच्या थाटात मांडली जाते. तिला भाबडी म्हणून झटकणे योग्य नाही. १९७१ मध्ये ख्रिस आयशॅम, अब्दुस सलाम आणि जॉन स्ट्रॅथडी यांनी अणुकेंद्राच्या अंतरावर काम करणाऱ्या ‘प्रबल गुरुत्वा’ची कल्पना गंभीरपणे मांडली होती. पण १९७३ मध्ये डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्झेक आणि डेव्हिड पोलित्झर यांनी दाखवले की क्वार्कांमधील बल जवळच्या अंतरावर ढिले होते, आणि या सिद्धांताने दूरच्या अंतरावरील घट्टपणाचेही चित्र दिले. हा स्वभाव गुरुत्वाच्या अगदी उलट आहे. साध्या गुरुत्वाने पाहिले तर प्रोटॉनची श्वार्त्सशिल्ड त्रिज्या त्याच्या प्रत्यक्ष त्रिज्येपेक्षा एकावर ३८ शून्ये याहूनही अधिक पटींनी लहान येते. अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडतात आणि १९२८ पासून गॅमॉव यांच्या पुंज-भुयाराच्या कल्पनेने त्याचे स्पष्टीकरणही मिळते. कृष्णविवरातून हॉकिंग यांच्या मते प्रारण निघते, परंतु सूर्याएवढ्या कृष्णविवरासाठी त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या कोट्यंशाइतकेच असते. अशा अंतरावरील दोन गोष्टींना ‘समान’ म्हणणे हे साहित्यातील अतिशयोक्ती अलंकारासही पेलणारे नाही.

घनतेच्या साम्याचा दाखला वारंवार दिला जातो, म्हणून त्याचाही हिशेब पाहावा. अणुकेंद्राची घनता दर घनमीटरला सुमारे २.३ वर १७ शून्ये किलोग्रॅम आहे. क्षितिजाच्या त्रिज्येवरून नेहमीच्या रीतीने घनफळ काढले, जे कृष्णविवराच्या बाबतीत केवळ अंदाजासाठी करावयाचे, तर सूर्याच्या सुमारे नऊपट कृष्णविवराची सरासरी घनता एवढीच येते. परंतु वस्तुमान दुप्पट झाले की ही घनता चतुर्थांश होते. १० एप्रिल २०१९ रोजी ज्याच्या छायेचे चित्र प्रसिद्ध झाले त्या एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या साडेसहाशे कोटी पट आहे आणि त्याची अशी सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेहूनही कमी भरते. तेथे क्षितिज ओलांडणाऱ्या अणूच्या केंद्रास काहीच जाणवणार नाही. प्रबल बल आपले काम पूर्वीसारखेच करीत राहील. ‘कृष्णविवरात अणूंचा चुराडा होतो’ या वाक्याला म्हणूनच कोणत्या कृष्णविवरात आणि क्षितिजापासून किती आत, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मान्यता देऊ नये.

साम्य शोधायचेच तर ते वस्तूंत नाही, सिद्धांतांच्या घडणीत आहे आणि तेथवर पोहोचणाऱ्यांत एक नाव महाराष्ट्रातले आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये व्यापक सापेक्षतेची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्या मांडणीत गुरुत्वाचे समीकरण ज्या गणिती साच्यात बसते तो गेज सिद्धांताचा साचा प्रबल आणि क्षीण बलांच्या सिद्धांतांचाही आहे. पुढे १९९७-९८ मध्ये जॉन बाएझ, अलेहांद्रो कोरिची आणि किरिल क्रास्नोव यांच्यासह त्यांनी याच पायावर कृष्णविवराच्या क्षितिजाची एन्ट्रॉपी मोजण्याची रीत दाखवली. त्यात एक अनिर्धारित स्थिरांक हाताने निवडावा लागतो, ही टीका रास्त आहे आणि प्रायोगिक पडताळा अद्याप कोणत्याही पुंज-गुरुत्व सिद्धांतास मिळालेला नाही. तरीही ‘अणुकेंद्र हे लहान कृष्णविवर’ या उपमेपेक्षा ‘दोघांच्या सिद्धांतांचे व्याकरण एका जातीचे’ हे विधान अधिक खरे आणि अधिक कठीण आहे. कठीण असल्यामुळेच कदाचित मराठीत त्यावर फारसे लिहिले गेले नाही.

येथे नारळीकरांच्या लेखनाविषयी एक निरीक्षण नोंदवणे उचित होईल. ‘यक्षांची देणगी’पासून पुढे त्यांनी कथेत विज्ञान अलंकारासारखे न वापरता ते कथेच्या घटनेचे कारण म्हणून वापरावे असा दंडक पाळला. फ्रेड हॉईल यांच्यासह १९६० च्या दशकात गुरुत्वाचा पर्यायी सिद्धांत मांडणारा हा वैज्ञानिक मराठी वाचकांशी बोलताना संज्ञेपेक्षा कार्यकारणावर भर देत असे. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर आलेल्या लेखांत त्यांनी मराठीस दिलेल्या शब्दांचा गौरव झाला, तो योग्यच; पण त्यांच्या अनुयायांनी उचलले ते बहुतांशी शब्द आणि कथानकांची चौकट. ‘हे का घडते’ याचा आकडेवार पाठपुरावा मागे राहिला. मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेनेही कल्पनारम्यता आणि भाषा यांचीच चर्चा अधिक केली. कथेतील भौतिकी बरोबर आहे की नाही हा प्रश्न साहित्याच्या कक्षेबाहेरचा समजला गेला. ही विभागणी विज्ञान आणि मराठी या दोन विभागांच्या कर्मचारी-कक्षांइतकीच कृत्रिम आहे.

औंढा नागनाथच्या निमित्ताने

विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या यंत्राचे वर्णन ‘कृष्णविवरांचा वेध घेणारी वेधशाळा’ असे केले जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच यंत्रांनी नोंदलेला पहिला संकेत दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा होता, त्यामुळे हे वर्णन स्वाभाविक आहे, पण अपुरे आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा संकेत १७ ऑगस्ट २०१७ चा : दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाले. विलीन होण्यापूर्वी प्रत्येक ताऱ्याने दुसऱ्यास भरती-ओहोटीसारखे ताणले. कृष्णविवर असे ताणले जात नाही, न्यूट्रॉन तारा ताणला जातो आणि किती ताणला जातो हे त्यातील अणुकेंद्रीय द्रव्य किती कडक आहे यावर अवलंबून असते. लहरीच्या आकारात उमटलेल्या या खुणेवरून अशा ताऱ्याची त्रिज्या ११ ते १३ किलोमीटरच्या आसपास असावी असा निष्कर्ष निघाला. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेल्या गुरुत्वाच्या कंपनातून न्यूक्लिऑनांमधील प्रतिकर्षण मोजले गेले. अणुकेंद्र आणि कृष्णविवर यांचा खरा संबंध उपमेत नव्हे, या मोजमापात आहे. त्या कडकपणासाठी आणि त्या ताणासाठी मराठीत अजून सर्वमान्य संज्ञा नाही. औंढ्याच्या परिसरातील शाळांना आणि नांदेड-नागपूरच्या महाविद्यालयांना ती लवकरच लागेल.

विलीनीकरणानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत पोहोचला आणि पुढील दिवसांत सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार झाल्याच्या खुणा प्रकाशात दिसल्या. मध्यंतरीच्या त्या अवधीत उरलेला गोळा, सूर्याच्या सुमारे पावणेतीनपट वस्तुमानाचा, काय होता? तो ताबडतोब कृष्णविवर झाला, की अणुकेंद्रीय प्रतिकर्षणाने आणि वेगवान भ्रमणाने त्यास काही काळ सावरून धरले? बहुतेक अभ्यासक दुसरी शक्यता मानतात. त्याची थेट नोंद मात्र मिळाली नाही. विलीनीकरणानंतरची कंपने एक-दोन हजार हर्ट्‌झच्या वरची असतात आणि त्या वेळच्या यंत्रांचा कान तेथे मंद होता.